जैसे थे

पुढील आदेशापर्यंत, असा हुकूम होता,
जागा जैसे थे ठेवावी.
तेव्हा मी तिसरीत होते.
बाबांनी भट्टीवरून आणलेल्या चार हजार विटा
प्लॉट नंबर सतरावर, तीस बाय चाळीसमध्ये,
रचलेल्या होत्या. वर ताडपत्री.

नत्थूजी भोयरनं एकच जागा दोघांना विकली
आणि वर्षाच्या आत मरून गेला.
पूर्वेस किसन बोबडे यांचे घर, पश्चिमेस रस्ता,
उत्तरेस नाली, दक्षिणेस कडूनिंब.
दोन्ही खरेदीखतांत शब्दाला शब्द.
मला पाठ आहे, कारण आता
दारव्ह्याच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान माझं आहे
आणि घाटोळकाकाही माझ्याकडंच येतात.
काच उचलते, कागद पालथा ठेवते,
खालून उजेड सरकत जातो नत्थूजीच्या अंगठ्यावरून.
त्यांच्या कागदावरचा आणि आमच्या.

अंगठा तपासायला नागपूरला गेला.
चार वर्षांनी परत आला: दोन्ही खरे.
मधे तीन साहेब बदलले,
एक वकील आमदारकीला उभा राहिला, पडला, परत आला.
बाबा नवव्या वर्षी गेले.
मग आई झाली वादी क्रमांक एक-अ,
मी एक-ब.

जागेला मात्र हुकूम कुणी वाचून दाखवला नव्हता.
दर पावसाळ्यात तिथं तरोटा गुडघाभर व्हायचा,
सारी गल्ली खुडून न्यायची.
आमच्या घरी नाही आणायचो,
पंचफुलाकाकूही नाही.
वकिलांनी दोघींना एकच सांगितलं होतं:
काडीलाही हात लावू नका.

कोर्ट कमिशनर आले तेव्हा विटा भरल्या सोळाशे.
बाकीच्या मला माहीत आहेत.
बोबड्यांच्या न्हाणीत, शाळेच्या ध्वजाच्या ओट्यात,
कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात;
एक तर घाटोळकाकांच्याच दारात,
पाय धुवायला.

आई पिंजऱ्यात उभी राहिली. हात पदरात.
‘दक्षिणेला काय आहे?’
‘काहीच नाही जी.’
‘कागदात कडूनिंब आहे.’
‘कागदात असंल. झाड तं मोबाइलच्या टावरासाठी तोडलं न.
पूर्वेला किसनभाऊ नाही, त्याच्या पोरानं घर इकून देल्लं.
नाली बुजली.
मी खोटं काऊन सांगू, साहेब?’

त्या साक्षीची नक्कल मीच काढली.
त्यात लिहिलंय:
‘मला वादातील जागेच्या चतुःसीमा
सांगता येणार नाहीत.’
दोनदा काढली. पहिली प्रत पुसट आली होती.

काल निकाल लागला.
आमचा कागद अकरा दिवस आधीचा, एवढ्यावर.
एकवीस वर्षं, आणि अकरा दिवस.

दुपारी घाटोळकाका आले, बावीस पानं घेऊन.
अपिलासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
यंत्र तापलं होतं, मधेच कागद अडकला;
मी तो हळूच ओढून काढेपर्यंत
ते काउंटरला टेकून उभे होते.
कंबर धरली होती एका हातानं.
चव्वेचाळीस रुपये झाले.
सुटे मोजून दिले त्यांनी.
घेतले मी.

संध्याकाळी आई प्लॉटच्या कडेला उभी दिसली,
एक चप्पल आत, एक रस्त्यावर.
मला म्हणाली, ‘दरवाजा कोन्या अंगानं काढू म्हनत होते व तुहे बाबा?’
मला आठवेना.
तिनं वाकून तरोट्याचे चार कोवळे शेंडे खुडले,
ओच्यात टाकले,
आणि थांबली.
‘आता खाल्ली तं चालते न?’

मी बोटांवर मोजलं.
‘तीस दिवस थांब,’ म्हटलं.
तिनं ओचा झटकला.
तोपर्यंत तरोटा जून होतो,
हे तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे.