दगड आहे तिथे

सकाळी आठ ते अकरा, एवढाच वेळ.
मग पराग वाळतो, आणि मूलनूरचा वारा
बोटावर काही राहू देत नाही.

वेलात्ताळ पिवळी पूड घेते
आणि एकेका फुलाला टेकवत जाते.
या फुलाचं असं, की त्याचा स्त्रीकेसर
काटकोनात मान वळवून बसतो,
रुसलेल्या विहिणीसारखा,
आपल्याच पुंकेसरांकडे पाठ करून.
मध्यस्थ लागतो.
मजुरी रोख, चहा एकदा.

तिच्या भाषेत हा डोळेदुखीचा कंद.
टक लावून बघितलं तर डोळे येतात म्हणे.
बावीस वर्षं ती बघतेच आहे.
मी, बियांच्या व्यापाऱ्याचा कारकून, वेल मोजायला आलेला,
तिला सांगितलं, आमच्याकडे हिला कळलावी म्हणतात,
अर्थही सांगितला.
साडीवर चढवलेल्या नवऱ्याच्या शर्टाला हात पुसत
ती खो खो हसली:
"अशी तर माझी सासू होती."

शेळ्या इथे मोकळ्या सोडतात. तोंड लावत नाहीत.
किळुवैच्या काटेरी फांद्या धरून
पानांची टोकं बोटं मुडपत चढतात,
पाकळ्या हिरव्या, मग पिवळ्या,
मग उलट्या फिरून पेटतात.

माघात शेंगा उकलतील. लाल बी
पोत्यांतून जाईल, दर फोनवर ठरेल,
आणि कुठल्याशा थंड देशात
कुणा म्हाताऱ्याच्या पायाच्या अंगठ्यातली
रात्रीची कळ निवेल.
हेही तिला सांगितलं.
"गुडघ्याला चालतं का?" तिनं विचारलं.

दुपारी ती हात धुते. चिंच, राख, मग साबण.
नखांत काडी.
तरी नातीला उचलते कोपरांनीच,
तळवे लांब, हवेत धरून.

पश्चिमेकडून तिसऱ्या ओळीत
एक जागा रिकामी आहे.
दर आडी महिन्यात कंद लावताना
ती तिथून एक पाऊल जास्त टाकते.
मालक पळनियप्पन ओरडतो.
"दगड आहे तिथे," ती म्हणते.

मी एकदा काठी खुपसून पाहिली.
हातभर आत गेली, लोण्यात जावी तशी.
तिची धाकटी जाऊ पवळायी
याच ओळीत असायची,
एवढंच बाकीच्या बायका सांगतात
आणि पाणी प्यायला जातात.

अकरा वाजले. वेलात्ताळनं बोट झटकलं,
माझ्या वहीकडे पाहिलं.
वाचता येत नाही तिला मराठी.
तरी मी लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात:
तिसरी ओळ, एक वेल कमी. दगड.