दोन फुटांवर एक

मोनाप्पानं वडगावातले माग विकले,
शेड पाडली, मुरूम टाकला,
लग्नाच्या हॉलला लागून पार्किंग काढलं.
तासाला वीस. दुचाकीला दहा.
साखळी आली, शिट्टी आली,
चुन्याच्या रेघा पण मारून झाल्या.
परवाना तेवढा अडला.

नियम कन्नडात. बडिगेर साहेबांनी
मराठीत करून सांगितला, एकेक बोट मोडत.
रस्त्याकडून दीड मीटर सोडायचं,
त्यात हिरवा आडोसा, चार फूट उंच.
गाड्या बाहेरून दिसता नयेत,
शेजारच्या घरात लाईट घुसता नये.
गेटच्या दोन्ही अंगांना दहा फूट मात्र
गुडघ्याएवढंच,
वळणाऱ्याला येणारा दिसावा म्हणून.

मोनाप्पा म्हणाला, कंपौंड बांधतो की.
साहेब म्हणाले, "गोडे अल्ला. बेली."
भिंत नव्हे, कुंपण.
वाढणारं.

म्हणून मला फोन.
येळ्ळूर रोडला माझी नर्सरी,
गुलाबापेक्षा कडूमेंदी जास्त खपते हल्ली.
एकशे चाळीस पिशव्या, दोन फुटांवर एक.
साहेब टेप घेऊन पुढं, मी सुतळी घेऊन मागं,
मधी मोनाप्पा, हिशोब करत
दीड मीटरात किती आल्टो गेल्या.

मागच्या बाजूला खड्डे काढूलालो तर
खिडकीतनं आवाज, "काय पुरूलायस रे?"
अनसाक्का. शेजारी फिलूबाई, कॅम्पातनं येते रोज.
दोघींच्या मधी पितळी डबा.

त्यांचा खेळ मला त्या दिवशी कळला.
पुढची गाडी कुठली येणार, त्यावर सुपारी.
बावीस नंबरवर कोण लावत नाही, ती घरचीच.
चिक्कोडीची तेवीस आली तर अर्धं खांड,
कोल्हापूरची नऊ आली तर एक,
गोव्याची आली तर दोन.
एकदा तामिळनाडूची आली
आणि फिलूबाईचा डबा रिकामा.
"चार फूट म्हणजे कुठवर?" अनसाक्कानं विचारलं.
मी हात धरून दाखवला.
हात तिच्या कपाळाच्या वर गेला.

सांगून बघितलं मी.
नियम तुमच्यासाठीच आहे अक्का,
रात्री डोळ्यावर लाईट येऊ नये म्हणून.
ती म्हणाली,
"लाईट आला तर डोळे मिटतो.
मेंदी आली तर काय मिटायचं?"

रोपं लावली. मोजून लावली.
साहेबांनी मोजली, सही केली,
मोनाप्पानं पेढे दिले, ते पण मोजून.

पण छाटायचं काम माझ्याकडंच, महिन्यातनं एकदा.
कात्री माझी, हात माझा.
सगळीकडं चार फूट, दोरी लावल्यासारखं.
त्या खिडकीसमोर आलं की
कात्री आपोआप खाली बसते.

गौरीच्या आधी साहेब परत आले.
टेप उभी धरली. आडवी धरली.
खिडकीपाशी थांबले.
"हे का खाली?"
शेळी येते साहेब, म्हटलं. रोज येते. ऐकत नाही.
त्यांनी खिडकीकडं बघितलं.
आतनं कुणीतरी डब्याचं झाकण लावलं.
मग वहीत कन्नडात लिहिलं, "आडू".
शेळीला तेवढाच शब्द. मला वाचता येतो.

जाताना चहा नको म्हणाले.
साखळीपाशी एक गाडी हॉर्न मारूलालती,
अजून वळायची होती, नंबर दिसत नव्हता.
साहेब जरा रेंगाळले,
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"गोवा," हळूच म्हणाले.

चिक्कोडीची निघाली.
अर्धं खांड त्यांच्याकडनं यायचंय.
मी कसं मागू?