चुन्याच्या रेघा

बस मी चालवायचो. एकोणतीस हंगाम.
क्रचफिल्ड सर पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी,
डोळे मिटलेले; पण गिअर चुकला की म्हणायचे,
"आयसम, तिला दुखतंय."

दोनशे अकरा सामने जिंकले म्हणतात. असतील.
मला पेट्रोल पंप आठवतात.
मेरिडियनच्या अलीकडचा तो,
जिथे पेट्रोल मिळायचं आम्हाला,
पण संडासाची किल्ली हरवलेली असायची.
दर शनिवारी. वीस वर्षं.
सर उतरून पैसे मोजून द्यायचे
आणि म्हणायचे, "सापडो हं किल्ली,"
आजाऱ्याला म्हणावं तसं.

बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी,
मिसेस अर्लीथांनी पहाटे तीनला उठून भरलेली,
प्रत्येक खोक्यावर एकेका पोराचं नाव.
हरलो की परतताना कुणी खायचं नाही,
आणि सर ओरडायचे ते तेवढ्याचसाठी:
"हरलेल्या तोंडाला चव नसते, कबूल.
पण त्या बाईच्या मनगटांना काय सांगू मी?"

हेल्मेटं गोऱ्यांच्या विद्यापीठाने टाकलेली.
आम्ही वरून जांभळा रंग दिला.
टक्कर झाली की खपली निघावी
तसा खालचा लाल दिसायचा.

मैदान ते स्वतः आखायचे. शुक्रवारी, ऊन कलताना,
पँट पोटरीपर्यंत दुमडून, चुन्याची गाडी ढकलत.
दोरी नाही, खुंटी नाही. रेघ सरळ.
"सर, माळी आहे ना कॉलेजला?"
"आयसम, बाहेर या पोरांची हद्द
दर कोपऱ्यावर बदलते.
इथली तरी आदल्या दिवशी दिसू दे.
आणि दोन्ही बाजूंना सारखी."

मग दारं उघडली.
चांगलंच झालं, वाईट कोण म्हणेल?
टाकलेली हेल्मेटं देणारेच आता
नव्या गाड्या घेऊन आमच्या फाटकाशी.
टेरेल गूल्सबी त्यांना हवा होता,
वाळत घातलेल्या कपड्यांतून पळणाऱ्या पोरासारखा
एकाही पदराला न शिवता पार जाणारा.
सर त्याला स्वतः पोचवायला निघाले.
त्रेचाळीस सीटांच्या बसमध्ये आम्ही तिघं.
तिथल्या पायरीवर त्याची कॉलर नीट केली, म्हणाले,
"आईला पत्र टाक. डावा खांदा खाली ठेव."
बस्स.

परतताना तोच पंप.
किल्ली खिळ्याला टांगलेली, सगळ्यांना दिसेल अशी.
सरांनी ती काढली,
उलटसुलट करून पाहिली, पुन्हा टांगली.
"जायचं नाही?" मी विचारलं.
"वीस वर्षं धरून ठेवलंय," म्हणाले,
"घरापर्यंत धरवेल."
आणि मग मेरिडियन मागे पडेपर्यंत हसत होते,
हसत होते की काय, मी आरशात पाहिलं नाही.

त्यानंतर नऊ हंगाम. कमी जिंकलो.
दर हिवाळ्यात एखादी कॉलर नीट करून दिली.

आता मैदानाला त्यांचं नाव आहे.
गवत प्लास्टिकचं, रेघा कारखान्यातून छापून आलेल्या,
पावसात धुऊन जात नाहीत.
शुक्रवारी मी कुंपणाशी जाऊन उभा राहतो.
उत्तरेकडची वीस यार्डांची रेघ
टोकाला किंचित वाकडी आहे.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.