सांध्याची रेघ

सोमवार. शाहूपुरीत सगळे कारखाने बंद.
आप्पांनी मात्र अर्धं शटर वर केलंय.
मधल्या लेथला ते तेल पाजतायत
आणि मी स्टुलावर बसून
त्यांना सहा अंशांचं पाणी सांगतो आहे.

"सहा म्हंजे किती गार?"
जानेवारीत, पहाटे पाचला
रंकाळ्यात ढकललं होतं तुम्ही मला,
त्याच्या तिप्पट.
सगळं अंग सुटात, फक्त ओठ उघडे.
आधी ते दुखतात,
मग ते माझे राहत नाहीत.

आप्पा हसतात. "धा वर्सं तिकडं काढलीस रेवा,
अजून 'सांगतो'च म्हंतीस व्हय?"
कोल्हापूरची पोरगी कुठंही बुडवा,
वर येताना ती 'आलो' म्हणतच येणार.

दोर धरून खाली.
हिरवं, मग सोड्याच्या बाटलीचं हिरवं,
मग टॉर्चच्या तोंडाएवढंच जग.
कानात माझाच श्वास,
इलाहीचाचांच्या जुन्या भात्यासारखा,
फक्त पुढं विस्तव नाही.
अठ्ठावीस मीटरवर एकदम भिंत.
भिंत नाही, बोट. कुशीवर कलंडलेली,
शंभर वर्षांपूर्वी कोळसा भरून निघालेली.

"मानसं?"
वाचली. सगळी नाहीत.
आप्पा तेलाचा डबा खाली ठेवतात,
पुन्हा उचलतात.

डेकवर दोर गुंडाळायचं मशीन होतं, आप्पा.
बिडाचं चाक, सहा आऱ्यांचं.
आऱ्यांवर पांढरी मऊ जनावरं
पाण्याबरोबर हलत होती.
मधे हाताएवढी जागा मोकळी होती,
तिथं मी बोट फिरवलं
आणि हातमोज्यातूनही कळलं,
सांध्याची रेघ.
साच्याच्या दोन पेट्या सरकल्या होत्या.

"कितीनं?"
एक सूत.
"आणि तसंच पास केलं?"
तसंच बोटीवर चढलं.
"इन्स्पेक्टर झोपलावता."
शंभर वर्षांनी, सातासमुद्रापार,
आप्पांनी तो जॉब रिजेक्ट केला.

पण खरं सांगायचं ते पुढंच.
मी नख टेकवल्यासारखं केलं, मोज्याचं टोक,
आणि बिडावर चरा उठला.
पेन्सिलीच्या शिशासारखं झालंय ते.
खाऱ्या पाण्यानं लोखंड नेलं,
आकार तेवढा ठेवला.

"बिडाला नखानं चरा?
कायतरीच."
मग बराच वेळ काही नाही.
वर पत्र्यावर कावळा चालतोय.

"काय आणलंस तितनं?"
काही आणायचं नसतं, आप्पा.
हात लावायचा, यायचं.

"मीबी तसंच केल्तं," ते म्हणाले.
माझ्याकडं बघून नाही, लेथकडं बघून.
"एकोणीसला. तू फोनवर इचारत हुतीस,
मी म्हनलं सगळं ठीक हाय.
नाव पत्र्याला लावली, वरचा झरोका काढला.
लाकडी पॅटर्न सगळे तरंगत छताला आलेले,
एकमेकाला टकटक टकटक.
नाक धरून गेलो खाली.
पयल्यांदा गावला न्हाई. दुसऱ्यांदा न्हाई.
आपलंच दुकान, आन दिशा कळंना.
तिसऱ्यांदा हाताला चक लागला.
धरून ऱ्हायलो. दम संपस्तवर."

कशासाठी?
"कशासाटी म्हंजे?
एकटाच हुता की तो खाली."

भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे,
माझ्या डोक्याच्या दीड हात वर.
चुना दोनदा मारला, तरी वर येते.
मी तिच्याखाली बसून आहे
आणि सवयीनं मनगट बघतो,
किती हवा उरली.

गाडीवरचा चहा येऊन निवला होता.
आप्पांनी चिंधीनं हात पुसले,
चष्मा कपाळावर सारला, वाकले,
आणि मी बघत नाही असं समजून
लेथच्या बेडवर, आतल्या बाजूला,
नख दाबून ओढलं.

काही उठलं नाही.

पुन्हा एकदा ओढलं,
मग म्हणाले, "चल. शटर धर एका बाजूनं."