सत्त्याऐंशी ते चौऱ्याण्णव

चिचटोल्याच्या शाळेत पुस्तकांची एक पेटी होती.
हिरवी, पत्र्याची. किल्ली माझ्याकडे,
कारण माझा बाप कोतवाल होता
आणि माझ्याकडून काही हरवणार नाही असं सरांना वाटे.
आत तलावांची माहिती, थोरांची चरित्रं, खतांचं एक पुस्तक,
आणि एकच कादंबरी.
मुखपृष्ठावर पाठमोरी पोरगी, आमच्याएवढीच,
नाव नैना, राहणार शहर.
तिच्या घरी फ्रीज होता,
आणि तो घरघरायला लागला की ती रडून घ्यायची.

नववीतल्या आम्ही अकरा जणींनी ती वाचली
धानाच्या पुंजण्यामागे, तलावाच्या पाळीवर,
भूगोलाच्या पुस्तकात लपवून.
पान शहाऐंशी असं संपायचं:
"काका आत आला, आणि दाराची कडी"
पान पंच्याण्णव असं उघडायचं:
"आणखी एक पोळी वाढू का?" आईनं विचारलं.

मधलं काहीच नव्हतं.
फाडलेलं नव्हे. कापलेलं.
शिवणीला धरून, सरळ, पट्टी लावल्यासारखं.

"हेडसरचं काम होय," हिमेश्वरी म्हणाली,
"वाईट लिवलं असन त्यात."
आम्हाला पटलं. याच सरांनी
विज्ञानाचा तो धडा
"घरूनच वाचून या" म्हणत
दोन मिनिटांत उरकला होता.

मग आम्हीच लिहायला घेतलं.
वहीचे कागद, आणि चिकटवायला डब्यातली शितं
बोटानं चिरडून.
हिमेश्वरीनं लिहिलं, नैनाचं लग्न ठरवतात,
मुलगा देवरीचा, ट्रॅक्टर आहे.
(तिचं स्वतःचं ठरत होतं. ट्रॅक्टर खरा होता.)
सुकेशनीनं लिहिलं, नैना दार तोडते
आणि थेट ठाण्यात जाते,
आणि ठाण्यातला माणूस आधी आडनाव विचारतो.
तिनं दीड पान भरलं, शाई संपली,
उरलेलं पेन्सिलीनं.
मी काही लिहिलं नाही. मी शितं चिरडत होते.

दुर्पता कोपऱ्यात. तिच्या कंपासात अर्धं ब्लेड असे,
सगळा वर्ग तिच्याकडून टोक काढून घ्यायचा.
"तू लिव ना वं," म्हटलं तर
तिनं एकच ओळ लिहिली:
"काही झालं नाही."
मग ती खोडली.
मग खाली पुन्हा तीच.

पुढे पान एकशे दहावर 'समुपदेशक' असा शब्द होता.
कापगते बाईंना विचारलं.
बाई म्हणाल्या, समजावून सांगणारी.
"म्हणजे सासू?" सुकेशनी म्हणाली,
आणि आम्ही इतक्या हसलो
की पाळीवरचे बगळे उडाले.
दुर्पताही हसली. मी पाहिलं होतं.

उन्हाळ्यात शितांना मुंग्या लागल्या.
आमची पानं आधी गेली, मग शिवण.
दुर्पताचा दाखला दिवाळीआधी काढला,
मामाकडे, म्हणाले, राजुराच्या बाजूला.

वीस वर्षांनी, गोंदियाला, तालुक्याच्या बैठकीनंतर
वाचनालयात पंख्याखाली बसायला म्हणून गेले
आणि ती दिसली. पाठमोरी.
आख्खी.

सत्त्याऐंशी उघडलं.
कडी बाहेरून वाजते. आई असते.
काका पान खायला म्हणून निघून जातो, तिसऱ्याच ओळीत.
आणि मग नैना सांगते.
आठ पानं ती सांगते, आई ऐकते.
मध्ये कुकरची शिट्टी होते, आई उठत नाही.
बस्स. एवढंच होतं.
वाईट काहीच लिहिलं नव्हतं.

सरांना नको असतं
तर सरांनी पुस्तक अख्खं जाळलं असतं,
त्यांना कुठलं एवढं सरळ कापता येतंय.

पंखा फिरत होता. ग्रंथपाल म्हणाला,
मॅडम, पाच वाजले.
मी शिवणीवरून अंगठा फिरवला,
जिथं आमच्या प्रतीत धार लागली होती,
आणि मनात राजुऱ्याकडचं एक घर शोधू लागले,
त्यातली पेटी, पेटीतलं लुगडं,
लुगड्याच्या घडीत
अजून न उठलेली ती आई.