रकाना पाचवा

भुसावळ स्टेशनातून बाहेर पडलात की डाव्या हाताला,
सोडावॉटरच्या दुकानावर, आमचं लॉज. खोल्या चौदा.
मी सुपडू वारके, मॅनेजर. एकोणीस वर्षं
रजिस्टर माझ्याच अक्षरात आहे.

नाव. गाव. वय. कुठून कुठे. कारण. सही.

पाचवा रकाना अरुंद.
छापणाऱ्यानं कारणाला दीड इंच दिलाय,
लोकही दीड इंचात मावेल एवढंच सांगतात:
लग्न. कोर्ट. दवाखाना. मयत.

पॅसेंजरमध्ये स्फोट झाला त्या आठवड्यापासून
हवालदार लोटन सोनवणे रोज रात्री अकराला यायचे,
बोटाला थुंकी लावून उभ्या उभ्या पानं उलटायचे.
मी चहा सांगायचो. मनापासून सांगायचो.
माझा भाचा योगराज त्याच डब्यात होता,
दाराशी उभा, म्हणून वाचला.
डावा कान गेला. अजून हाक मारली
की भलतीकडेच बघतो.
तेव्हा मला कोणी विचारलं असतं,
तर सहाचे साठ रकाने करा म्हणालो असतो,
उघडा सगळ्यांच्या पिशव्या,
माझी आधी.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं.
निसार मन्यार, बऱ्हाणपूर, एकतीस.
कारण?
"रावेरकडच्या केळीवाल्यांच्या जळक्या मोटारी भरतो, भाऊ.
वाइंडिंगला तांब्याची तार न्यायचीय.
सकाळी दुकान उघडलं की निघालोच."
मागे तिघं उभे, एकाचं पोर रडत होतं.
दीड इंच.
मी लिहिलं: तार.

अकराला सोनवणेंचं बोट त्या शब्दावर थांबलं.
नऊ नंबर, मी म्हणालो.
दुसरी चावीही मीच काढून दिली.
बॅगेत पक्कड, टेस्टर, नमुन्याचं भेंडोळं,
आणि बायकोनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी,
त्यांची नोंद पंचनाम्यात नाही.
जिना उतरताना त्याच्या पायात एकच चप्पल होती.

चार दिवसांनी ठाण्यात माझा सत्कार झाला.
नारळ, आणि त्या उन्हाळ्यात शाल.
योगराजला मी पेपर दाखवला.
त्यानं नीट वाचला, घडी घातली,
म्हणाला, मामा, नक्की हाच का?
मी म्हणालो, पोलीस काय उगाच नेतात?
उजव्या बाजूनं म्हणालो, ऐकू जाईल असं.

सहा वर्षं चार महिने.
मग कोर्ट म्हणालं, पुरावा नाही.
ज्यानं डब्यात तो डबा ठेवला
तो कुठल्या लॉजवर उतरला होता, आजवर कळलं नाही.
त्यानंही कारण लिहिलंच असेल.
लग्न, बहुतेक.

परवा संध्याकाळी काउंटरवर एक माणूस आला,
दाढी पांढरी, वय सांगितलं अडतीस.
नऊ सोडून कुठलीही खोली द्या, म्हणाला.
मला ओळख पटायला तेवढं पुरलं.
बोलायला काही सुचेना, म्हणून म्हणालो,
ते रजिस्टर अजून मुद्देमालात जमा आहे.
"माहीत आहे. कोर्टात तीनदा वाचलं.
अक्षर छान आहे तुमचं."
यात टोमणा होता का, मी अजून ठरवतोय.

कारण?
या वेळी त्यानं एकच शब्द सांगितला: तार.
मीच विचारत गेलो. कसली, कशाला,
किती गेजची, कुणाची मोटार, किती हॉर्सपॉवर,
आणि लिहीत गेलो.
अक्षरं रकान्याची रेघ ओलांडून
सहीच्या जागेत गेली, तरी थांबलो नाही.

"सही कुठे करू?"
खालच्या ओळीत करा, म्हणालो.
"खालची ओळ दुसऱ्याची आहे," तो म्हणाला,
आणि पेन हातात धरून उभाच राहिला.

सोनवणे रिटायर झाले. आता एक पोरगी येते,
मोबाइलवर पानाचा फोटो काढते, वाचत नाही.
फोटो कुठे जातो, तिलाही ठाऊक नाही.
योगराजची लेक रोज पॅसेंजरनं जळगावला कॉलेजात जाते;
ती घरी पोचली, असा फोन आल्याशिवाय
मी जेवत नाही, हेही लिहून ठेवतो.

अकराला वीस मिनिटं कमी होती.
मी रजिस्टर उघडंच ठेवलं,
जिन्याकडे तोंड करून बसलो.
चहा सांगितला नाही.