चार जीबी

पारोळ्यात, चपलांच्या दुकानावर,
माझा एकुलता संगणक. मेमरी चार जीबी.
मे महिन्यात त्याचा पंखा
पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो.

ब्राउझर उघडला की अर्धी मेमरी
नुसते पाट मांडण्यातच संपते.
मग एकेक टॅब पंगतीला बसतो
आणि कुणीच उठत नाही.

पहिला विमलबाई बागुलांचा, उत्पन्नाचा दाखला.
"बंद नको करजो भाऊ, रेशनकार्ड लई येस,"
त्याला आज तिसरा दिवस.
दुसऱ्यात जिभाऊ सैंदाणेंचा ओटीपी अडकलाय,
मोबाईल पोराकडे, पोरगा सुरतेला.
तेराव्यात काय होतं, आठवत नाही.
टॅब इतके बारीक झालेत
की नावाचं एकच अक्षर उरलंय.

पुतणी म्हणते, काका, निम्मे तरी उडवा.
मी बाण फुलीपाशी नेतो,
तेवढ्यात जिन्यात कुणाच्या तरी वहाणा वाजतात.
बाण मागे.

अडकलंच शेवटी. पडदा पांढरा.
बटण दाबून ठेवलं, पाच आकडे मोजले.
उठल्यावर तोच विचारतो:
मागची सगळी पानं उघडू?

उघड म्हटलं.
उघडली. सगळी कोरी.

दारात विमलबाई,
हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड.